खिडकीवाली मॅडम

आमच्या जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात किमोचा हॉल आहे. त्या हॉलच्या डाव्या भिंतीवर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीला, एक चौकोन दिसतो. बाकी भिंत जुनी पिवळी, तेवढाच चौकोन नवा पिवळा. तिथं काय होतं ते कोणी विचारत नाही. मी मात्र दर खेपेला तिकडं पाहते आणि दर खेपेला माझं डोकं फिरतं. तिथं एक खिडकी होती, आणि खिडकीच्या पलीकडं गेडाम मॅडम बसायची.

ती वयानं माझ्या लेकीएवढी, म्हणून इथं एकेरी लिहिते. तोंडावर मी तिला मॅडमच म्हणत होते. आणि मी काही लेखिका नाही, हे आधीच सांगते. शाळा चौथीपर्यंत. सिंदेवाहीला आमचं किराणा दुकान होतं, पुड्या बांधायच्या रद्दीवर वाचायला शिकले. त्यामुळं एक खोड लागली. पुढचं पान नेहमी कोणाच्या तरी साखरेला गेलेलं असायचं, म्हणून अर्धी राहिलेली गोष्ट मला अजून सहन होत नाही. ही गोष्टही अर्धीच राहिली आहे. म्हणूनच लिहायला बसले.

माझी धाकटी बहीण यमुना वडशाला दिली आहे. तिला तोंडाचा कॅन्सर झाला. कारण विचारायची गरज नाही. आमच्याकडं धानाच्या रोवणीच्या चिखलात बायका दिवसभर वाकलेल्या असतात, आणि गालात खर्रा असतो. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून घोटून केलेला. भूक मरते, कंबर विसरते. यमुनाचं ऑपरेशन नागपूरला झालं, पुढची किमो जिल्ह्याच्या ठिकाणीच मिळणार म्हणाले. सोबत मी. घरी तिची सून लेकुरवाळी, आणि माझं आता दुकानही नाही नि नवराही नाही.

तर एका किमोनंतर यमुनाच्या उलट्या काही थांबेनात. तशी नर्स म्हणाली, “बाजूच्या खोलीत दाखवा, तिथं आयुर्वेदाच्या मॅडम आहेत.” खोली म्हणजे पूर्वीची औषधं वाटायची जागा, म्हणून मधल्या भिंतीला ती लाकडी खिडकी. आत एक टेबल, टेबलावर इनॅमलचं ताट. मागच्या भिंतीवर खिळेच खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला एकेक पोटली टांगलेली. लाल फडक्याची, लुगड्याच्या काठाची, युरियाच्या थैलीची. बियाण्याच्या कोठीत शिरल्यासारखं वाटलं मला. टेबलामागं ही बुटकीशी बाई, जाड वेणी, लुगड्याखाली पांढरे बूट, हातात आजीचं पितळेचं जाड कडं.

रिपोर्टाकडं तिनं पाहिलंच नाही. यमुनाला म्हणाली, “पोटली कुठी आहे?”

“कोनती पोटली?” यमुना.

“अव माय! इतके किमो झाले अन् अजून कोनी पोटली नाई आनली? घरचे लोक तुयावर रागावून आहेत का?”

यमुनाला त्या अवस्थेतही हसू आलं. तिच्या दिरानं धानोऱ्याच्या पुढच्या टोल्यावरच्या, म्हणजे जंगलातल्या पाड्यावरच्या, बुवाकडून मुळी आणली होती, ती तिच्या कमरेला होती. पण दाखवायची कशी? आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे, जंगलाच्या औषधाचं नाव दुसऱ्याला सांगितलं की गुण जातो. डॉक्टरला तर नाहीच नाही.

मॅडमनं ताट पुढं सरकवलं. “नाव नको सांगू. नाव सांगितलं तं गुण जाते, मले मालूम आहे. माया आजोबाचंही तसंच होतं. म्या इच्यारतच नाई. तू फक्त ठेव.”

आता विचारतच नाही म्हटल्यावर काय करणार? यमुनानं पोटली ठेवली. मॅडमनं मुळी नखानं खरवडली, वास घेतला, आणि कड्यानं खिडकीवर टक टक केलं. खिडकी सरकली. पलीकडं कॅन्सरचे मोठे साहेब, चष्मा कपाळावर.

“बोला. आज कोणतं जंगल आलं?”

“यमुनाबाईच्या लिव्हरचं रक्त आज पुन्हा पाहा साहेब. हे मुळी पोट झाडते. उलट्या तुमच्या एकट्याच्या औषधानं नाई होऊन राह्यल्या.”

“कितीदा सांगायचं या लोकांना!”

“सांगून पाह्यलं ना तुम्ही? म्हणून तं लपवतात.”

खिडकी फटकन बंद झाली. पण रक्त तपासायला माणूस आला. त्या दोघांचं सगळं असंच चालायचं. खिडकीतून भांडण, आणि भांडणानंतर काम.

मग मॅडमनं पोटलीला लाल दोरा बांधला आणि एका खिळ्याला अडकवली. “इथी राहीन. तुयी सारी सलाइन पूर्ण झाली का घेऊन जा. हरवत नाई, उंदीर खात नाई.” यमुनाच्या चेहऱ्यावरची भीती मी उतरताना पाहिली. मुळी फेकली असती तर ती घरी जाऊन दुसरी घेऊन आली असती. टांगली म्हटल्यावर तिला वाटलं, औषध कुठं गेलं नाही, आपली वाट पाहून राह्यलं.

एवढं होतं न होतं तोच मॅडमची नजर यमुनाच्या पिशवीवर. “अन् ते पन्नी काढ.” खर्ऱ्याची पन्नी. ऑपरेशन होऊनसुद्धा बाईनं वासासाठी जवळ ठेवली होती! ती मॅडमनं सरळ बादलीत टाकली. “मुळी खुंटीवर, खर्रा बादलीत.” हे तिचं रोजचं वाक्य. हॉलमधले पेशंट तिच्या आवाजात एकमेकांना म्हणून दाखवायचे.

तिच्या खोलीत गाठ बरी होत नव्हती. ते ती पहिल्या दिवशीच सांगायची, अगदी रागावल्यासारखं. “गाठ भिंतीपलीकडचे साहेब पाहतात. मी उलटी पाहतो, झोप पाहतो, तोंड पाहतो. गाठीसाठी मायाकडं आला तं चालता हो.” तोंड आलेल्यांना तिळाच्या तेलाच्या गुळण्या, गार पेज, तुपात कालवलेलं ज्येष्ठमध. तेही साहेबांना खिडकीतून विचारून. पाय जळतात त्यांच्या पायांना तेल. आणि श्वास. श्वास कसा घ्यायचा हे ती धान पाखडण्यावरून शिकवायची. “सूप वर, पोट फुगलं. सूप खाली, कोंडा उडाला. घाई करशीन तं दाने सांडतीन.” यमुनाला सुई टोचायच्या आधी घाम फुटायचा. नंतर नंतर मी पाहायचे तर बाई डोळे मिटून मनातल्या मनात धान पाखडून राह्यली आहे.

बरं, ती काही साधी-गरीब बाई नव्हती. तिरसट होती. चहा गार झाला तर नर्सवर डाफरायची. कोणी पाया पडलं की, “पायाले काय झालं? गाठ तं तुयाच मानेत आहे,” म्हणायची. पेशंटच्या नवऱ्यांना तर बाहेरच उभं करायची, कारण म्हणे ते बायकोच्या ऐवजी उत्तरं देतात.

योगदिनाला वरचे अधिकारी आले. खोलीच्या दारावर मोठा फ्लेक्स लागला, ‘एकात्मिक उपचार कक्ष’. सतरंजीवर किमोच्या पेशंटांना बसवून फोटो काढले. एकीला सलाइन लावलेली होती, तिचा तोच हात वर करायला लावला. एक मालिशचा पलंग आला, डोक्यावर तेलाची धार धरायचं पितळेचं भांडं आलं. मालिश करणारा माणूस मात्र आला नाही. तूप मागितलं तर म्हणाले तुपाला मंजुरी लागते. शेवटी त्या पलंगावर पेशंटच्या सोबतीच्या बायका दुपारी लवंडायच्या. मीही लवंडले आहे. चांगला होता.

मी मॅडमला विचारलं, “एकात्मिक म्हणजे काय हो?”

“म्हणजे एका घरात राहाचं अन् चूल वेगळी मांडाची.”

पण तिला स्वतःला खरंच एक चूल पाहिजे होती. तिचं म्हणणं एवढंच की किमोच्या हॉलला लागून ही खोली राहावी आणि मधली खिडकी राहावी. सलाइन घेतलेला माणूस पाच पावलं चालू शकतो, जिना चढू शकत नाही. खिडकी असली की दोन डॉक्टरांना एकमेकांशी भांडता येतं. बस. याच्यासाठी तिनं किती खेटे घातले असतील, ते ऑफिसातल्या बाकड्याला विचारावं.

आता बुवाची गोष्ट सांगते.

यमुनाची मुळी ज्याच्याकडची, त्या झुरूबुवाकडची पोटली हॉलमध्ये फार यायची. एक दिवस मॅडम मला म्हणाली, “ताई, तुमच्या यमुनाच्या दिराले रस्ता मालूम आहे ना? मले त्या बुवाकडं न्या.” रविवारी आम्ही काळी-पिवळी जीपनं गेलो, शेवटचा रस्ता पायी. टोल्यावर दारोदार मोहफुलं वाळत टाकलेली. बुवा म्हातारा, अंगानं काटक, खाटेवर बसलेला. मॅडमनं “जोहार” केला, गोंडीत काहीबाही विचारपूस केली. बुवानं तिला खाटेवर आपल्या बाजूला बसवलं, मोहाचा लाडू दिला. सगळा टोला भोवती गोळा झाला.

मग तिनं मुद्दा काढला. “बुवा, तुमच्या मुळीचं पथ्य काय?”

“खट्टं नाई. वांगं नाई. सुतकाच्या घरचं पानी नाई.”

“त्यात एक वाढवा. सलाइन चालू आहे तवरिक मुळी नाई.”

बुवा हसला. “पथ्य म्या नाई ठरवत, बाई. मुळी ठरवते.”

मी म्हटलं संपलं. पण मॅडम म्हणे, “मंग मुळीले इच्यारा.”

बुवा उठून आत गेला. आम्ही बसलो. लाडू संपला, पाणी पिऊन झालं. बुवा बाहेर आला आणि खाटेवर टेकत म्हणाला, “मुळी म्हनते, दवाखान्याचं आधी पूर्ण करा. तिले भांडन नाई आवडत.”

परतताना मॅडम गाडीत गुणगुणत होती! तिला गुणगुणताना मी तेवढंच पाहिलं. आणि बुवानं शब्द पाळला. त्याच्याकडून माणसं दवाखान्यात यायला लागली, “बुवानं पथ्य सांगितलं, आधी सलाइन,” म्हणत. साहेब खिडकीतून म्हणाले, “मॅडम, तुमच्या बुवाला माझ्या हाताखाली द्या, आमच्या कोणाचं इतकं ऐकत नाहीत.” मॅडम म्हणाली, “तुम्हीच त्याच्या हाताखाली जा, लाडू भेटते.” दोघं हसले. मला वाटलं, बाई जिंकली.

उन्हाळा सरता सरता चैताबाई आली. त्याच टोल्याच्या शेजारच्या गावची, चाळिशीही नसेल. छातीची गाठ फुटलेली. हॉलमध्ये तिला आणली तशी आम्ही सगळ्यांनी पदर नाकाला लावला, मग लाज वाटून काढला. साहेबांनी जखम पाहिली आणि तिच्या नवऱ्याला विचारलं, “इतके दिवस कुठं होता?”

तो माणूस अजिबात घाबरला नाही. उलट शाबासकी मिळेल अशा आवाजात म्हणाला, “दवाखान्याच्याच बुवाकडं होतो साहेब. गेडाम मॅडमचा बुवा.”

“मॅडमचा बुवा?”

“हो ना. मॅडम सोता त्याच्या घरी आल्या होत्या, त्याच्या खाटेवर बसल्या, लाडू खाल्ला. साऱ्या टोल्यानं पाह्यलं. दवाखान्यावालीच बुवाकडं येते, मंग आमी कायले इकडं येऊन पैसे घालवाचे?”

खिडकी बंद होती, पण ती फळीची खिडकी, पलीकडं सगळं ऐकू जायचं. साहेब चालत गेले आणि त्यांनी आपल्या हातानं ती सरकवली. त्या दिवशी “बोला” नाही म्हणाले. “ऐकलंत ना, मॅडम?” एवढंच म्हणाले. मॅडम उभी होती. तिनं नुसती मान हलवली.

दुसऱ्या रविवारी ती पुन्हा टोल्यावर गेली, मी सोबत. बुवा तिच्यावरच उखडला. “म्या तिले काई देल्लं नाई! आल्या पावली म्हनलं, आधी दवाखान्यात जा. तिच्या नवऱ्याले पटलं नाई. त्याले वाटलं बुवा खरी मुळी लपवून राह्यला. मंग दुसरीकडून लेप आनला अन् गावात माया नाव सांगितलं.” मग म्हातारा म्हणाला, “बाई, तू जे बोलली ते लोकायनं नाई ऐकलं. तू खाटेवर बसली, ते पाह्यलं.”

या वेळी मॅडम खाटेवर बसली नाही. अंगणात उभीच होती. गाडीत मला म्हणाली, “ताई, मी तवा उभंच राह्याले पाहिजे होतं का? पन उभं राहून बोलली असती तं बुवानं ऐकलं असतं का?” ज्यांना याचं उत्तर येत असेल त्यांनी एकदा त्या अंगणात जाऊन यावं.

साहेबांवर मला राग धरता येत नाही, हीच तर पंचाईत आहे. खोलीचं काय करायचं या मीटिंगमध्ये त्यांनी सांगितलं म्हणे, “गाठ फुटल्यावर माणसं माझ्याकडं येतात. त्यांना दवाखाना आणि बुवा यांतला फरक स्पष्ट दिसला पाहिजे. एका खिडकीनं तो पुसला जातो.” मॅडम म्हणाली, “ते खोटं नाई बोलून राह्यले. म्हणून तं जास्त जीव जळते. पन फरक दाखवाले भिंत कायले पाहिजे? बोललं तरी दिसते ना.” हे तिनं मीटिंगमध्ये सांगितलं का, मी विचारलं. म्हणाली, “मले बोलाले वेळ कोनं देल्ला?”

खोली काढली नाही. काढली असती तर बरं, निदान भांडता आलं असतं. खोलीला बढती दिल्यासारखी मैदानापलीकडच्या नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर नेली. चकचकीत फरशी, मोठा फ्लेक्स, पितळेचं भांडं काचेच्या कपाटात. उद्घाटनाला नारळ फोडला. लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. इकडं खिडकी बुजवून वरून पिवळा रंग दिला, आणि सफाईवाल्यांनी भिंतीवरच्या पोटल्या काढून पोत्यात भरल्या, कचरा म्हणून. मॅडम धावत आली, पोतं त्यांच्या हातातून घेतलं आणि व्हरांड्यात बसून एकेक पोटली दोऱ्यावरून ओळखून माणसं शोधत बसली. यमुनाची तिनं आम्हाला दिली. यमुनानं ती वडशाला नेऊन देव्हाऱ्यात ठेवली, अजून उघडली नाही.

चैताबाई मात्र वॉर्डातच होती. मॅडम रोज मैदान ओलांडून यायची, तिची जखम साहेबांच्या औषधानं धुवायची, मग तिच्या पायांना तेल लावत बसायची. एकदा साहेब राउंडला आले. तिच्या मागं उभे राहिले. काहीतरी बोलतील असं वाटलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. चैताबाई पावसाळा संपायच्या आत गेली. तिचा नवरा जाताना मॅडमच्या पाया पडला. तेव्हा ती पायाचं-गाठीचं काही बोलली नाही.

नव्या इमारतीत पेशंट जायचे नाहीत. कसे जातील? उलटी दाबत मैदान कोण ओलांडणार? पोटल्या पुन्हा कमरेला गेल्या. हॉलमध्ये बसल्या बसल्या मला वास यायचा, आणि सांगायचं कोणाला?

आता शेवटचं. गेल्या थंडीत यमुनाला तपासणीला घेऊन गेले होते. यमुना बरी आहे, तोंड पुरतं उघडत नाही, पण टोमणे बरोबर बाहेर येतात. दुपारची वेळ, आम्ही व्हरांड्यात डबा सोडला होता. एवढ्यात फाटकाकडून एक म्हातारा येताना दिसला. झुरूबुवा! खांद्यावर घोंगडी, पायात काही नाही. सोबत एक तरणी बाई, तिचं मनगट त्यानं लेकराचं धरावं तसं धरलेलं.

“खिडकीवाली मॅडम कुठी आहे?” तो वॉचमनला विचारत होता.

वॉचमननं मैदानापलीकडं बोट दाखवलं. पण मॅडम इथंच होती, पाण्याच्या टाकीजवळच्या बाकड्यावर. नंतर कळलं की दुपारी ती वरून उतरून रोज तिथं बसते, कोणी येईल म्हणून. बुवा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“हे मायी नात. काखेत बोराएवढी गाठ आहे. मुळी देल्ली नाई. आधी इकडं आनलं.” मग त्यानं कमरेची पोटली सोडली. “हे नंतरची. तुयाजवळ राहू दे. तुया खुंटीवर.”

खुंटी कुठली! टेबलही नव्हतं. मॅडमनं हात पुढं केला. बुवानं पोटली तिच्या तळहातावर ठेवली.

ती उठली. पोरीला घेऊन व्हरांड्यातून हॉलमध्ये, डाव्या भिंतीशी आली आणि जुन्या सवयीनं कड्याचा हात वर केला. समोर नवा पिवळा चौकोन. हात तसाच क्षणभर वर राहिला. मग खाली घेतला.

साहेबांच्या दाराला बाहेरून रांग होती. मॅडम रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली, एका हातात पोरीचं मनगट, दुसऱ्या मुठीत पोटली. बुवा तिच्या मागं. पुढच्या बाईनं ओळखलं, म्हणाली, “मॅडम, तुमी पुढं जा ना.”

“नाई,” ती म्हणाली. “तुया नंबर आहे.”

आमची बस होती, आम्ही निघालो. फाटकातून मी वळून पाहिलं. रांग तिथंच होती.